बल्गेरियाचं सोंग भातकुलीत

नितेश बल्गेरियातून डॉक्टर होऊन भातकुलीला परतला, तेव्हा त्यानं आईसाठी चॉकलेटं आणली आणि स्वतःसाठी एक भलंमोठं पोतं. पोत्यात बोकडाच्या लांब केसांचा अंगरखा, शिंगांचा लाकडी मुखवटा आणि कमरेला बांधायच्या घंटा होत्या. तिकडे थंडी सरताना गडी हे कुकेरीचं सोंग घेऊन गावभर नाचतात आणि इडापिडा पळवतात, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याच्या आईनं, गोदाबाईंनी, पोतं उघडूनही पाहिलं नाही. त्यांना वासच पुरला.

"हे घरात नको. उद्या होळीत टाक," त्या म्हणाल्या.

तिकडे दरवर्षी त्या सोंगात नाचलेल्या नितेशचा जीव कासावीस झाला. धावून आले ते वडील, महादेवराव. त्यांचा उशिरा पेरलेला हरभरा रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रोज फस्त करत होता.

"इडापिडा पळते तं रोही कावून नाही पळणार?" ते म्हणाले. रोही पळाले तर सोंग वाचणार, असं ठरलं.

होळीच्या सकाळी महादेवरावांनी शेतात पोराला सोंग चढवलं, पाठीवर बैलाच्या दाव्याची पक्की गाठ मारली आणि ते शेजारच्या डोमाजीकडे चहाला गेले. नितेश नाचला. रोही असे उधळले की मागं वळून पाहिलं नाही.

डोमाजीच्या शेळ्या मात्र उलट धावत आल्या. घंटीवाल्या बोकडामागं जायचं, एवढंच त्यांना ठाऊक; आणि हा बोकड तर दोन पायांवर चालण्याइतका थोर. हरभरा वाचवायला नितेश गावाकडे पळाला. तो जितका पळे तितक्या घंटा वाजत आणि तितक्या शेळ्या चेकाळत. पाठीवरची गाठ काही हाताला लागेना.

घरी गोदाबाई पुरण वाटत होत्या, तोच त्यांनी कधी न पाहिलेलं ते सोंग दारात येऊन थडकलं. सणाच्या दिवशी दारी आलेलं सोंग रिकाम्या हातानं पाठवू नये, ही त्यांच्या सासूची शिकवण. त्यांनी सुपात ज्वारी आणली, शिंगांना कुंकू लावलं आणि पाया पडल्या. 'आई, गाठ सोड' म्हणून नितेश आतून ओरडला, पण बाहेर नुसता हुंकार आला. गोदाबाईंना तो आशीर्वाद वाटला.

"माह्या पोराच्या डोक्यातलं भूत तेवढं उतरव, बाप्पा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात शेळ्यांनी सूप रिकामं केलं. मागून डोमाजीसोबत धापा टाकत आलेल्या महादेवरावांनी गाठ सोडली आणि मुखवट्याखालून घामानं भिजलेला नितेश निघाला. डोमाजी हसून हसून खाली बसला.

"वहिनी, मंग टाकू का याले होळीत?"

गोदाबाईंनी शिंगांवरच्या कुंकवाकडे पाहिलं. त्यांनाही हसू आवरेना.

"पाया पडलेलं कोनी जाळते का? टांगा तिकडं खुंटीले." मग पोराला विचारलं, "तिकडं याले खायले-प्यायले काय देते?"

"अंडी. अन् दारू."

महादेवरावांचा चेहरा एकदम खुलला.

"आमच्या इथं पुरनपोळी भेटन," गोदाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.