काडतुसास अनुरूप गृह

मिसूरी राज्यातील हॉर्टन्स मिल या गावी गेल्या नऊ वर्षांत एकच चोरी झाली होती. चर्चच्या हिरवळीवरील प्लास्टिकचे दोन राजहंस कोणीतरी उचलून नेले, आणि तेही पुढे तळ्याच्या काठी सुखरूप सापडले. अशा या गावात पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले डेलबर्ट स्ट्राउड एका शनिवारी सकाळी क्लेटन रस्कच्या बंदुकांच्या दुकानात गेले. हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या टिपण्याच्या सरावासाठी त्यांना शॉटगनच्या काडतुसांचे एक खोके हवे होते. येथवर सर्व यथास्थित होते.

क्लेटनने बारीक छऱ्यांचे खोके पुढे सरकवले आणि सहज विचारले, "आणि घरासाठी काय ठेवतोस?"

"हेच की," डेलबर्ट म्हणाले.

काउंटरशी कॉफी पीत उभे असलेले तिघे वळले. वैद्यकीय अहवालाचे पाकीट हाती असून ते अद्याप न उघडलेल्या माणसाकडे जसे पाहावे, तसे त्यांनी डेलबर्टांकडे पाहिले.

"बारीक छऱ्यानं कबुतर पडतं, डेल," क्लेटन हळुवारपणे म्हणाला. "चोराला त्यानं नुसता राग येतो."

यानंतर पाऊण तास शास्त्रार्थ झाला. एकाचे मत हरणासाठीच्या जाड छऱ्याकडे झुकले. दुसऱ्याने एकसंध गोळीचा पुरस्कार केला, कारण ती चोर, दार आणि दाराबाहेर उभी असलेली चोराची गाडी यांचा एकाच वेळी परामर्श घेते. तिसरा म्हणाला, मोठ्याने "कोण आहे?" असे विचारले तरी बहुतेक चोर पळतात. त्याचे मत विचारात घेतले गेले नाही. त्यात विकत घेण्यासारखे काही नव्हते.

डेलबर्ट तीन प्रकारची खोकी घेऊन घरी आले. त्यांच्या पत्नी वर्डीनबाई शिवणाच्या खोलीत उत्तरेकडील खिडकीपाशी काउंटीच्या जत्रेसाठी गोधडी शिवत बसल्या होत्या. संसाराला एक्केचाळीस वर्षे झाली होती आणि डेलबर्टांना या जगात रक्षण करण्याजोगे जे काही वाटे, ते त्या खुर्चीत बसलेले होते. हे ते कधी बोलले नव्हते. खोकी मात्र त्यांनी त्याच भावनेने आणली होती.

वर्डीनबाईंनी चष्म्यावरून खोक्यांकडे पाहिले. "हा जाड छर्रा भिंतीतून जातो का रे?"

"किती भिंतींतून, ते बघावं लागेल."

"भिंतीपलीकडे मी असते. तेवढं लिहून ठेव."

डेलबर्टांनी ते लिहून ठेवले, आणि तो कागद घेऊन ते घरांच्या संरक्षणासाठी गावाने नेमलेल्या सुरक्षित गृह मंडळाकडे गेले. मंडळाचे अध्यक्ष हार्लन पिकेट हे निवृत्त दंतवैद्य. समोरच्याचे तोंड उघडे असताना बोलण्याची त्यांना सवय होती. त्यांनी चाचणीचा आदेश दिला. घराच्या भिंतींना असतात तसेच जिप्समचे चार तक्ते मैदानावर एकामागे एक उभे करण्यात आले. जाड छर्रा चारही तक्ते ओलांडून गेला आणि पाचव्या स्थानी, कुटुंबीयांच्या वतीने ठेवलेले कलिंगड दगावले. बारीक छर्रा दुसऱ्या तक्त्यातच अडकला. यावरून मंडळाने असा सिद्धान्त नोंदवला, की भिंतीपाशी थांबणारा छर्रा चोराला थांबवत नाही, आणि चोराला थांबवणारा छर्रा भिंतीपाशी थांबत नाही.

एखाद्या अपरिपक्व समाजात चौकशी येथेच संपली असती. मंडळाने मात्र ठरवले की काडतूस निर्दोष आहे; दोष घरात आहे.

पुढील मंगळवारी पिकेट मोजपट्टी व तांबडा दोरा घेऊन स्ट्राउडांच्या घरी आले. शयनगृहाच्या दारापासून मुख्य दारापर्यंत त्यांनी दोरा ताणला. हा संभाव्य गोळीबाराचा मार्ग. दोरा शिवणाच्या खोलीतून, वर्डीनबाईंच्या खुर्चीच्या पाठीवरून आणि अर्धवट गोधडीवरील निळ्या पाकळीच्या मधोमध गेला. पिकेटांनी अहवालात 'अडथळा: एक' असे लिहिले.

अडथळ्याचे स्थलांतर कोठे करावे, हा प्रश्न उरला. त्या घरात जाड छऱ्यास दाद न देणारी वस्तू एकच निघाली, ती म्हणजे न्हाणीघरातील बिडाचा टब. घरफोड्या सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात होतात असा मंडळाचा ठाम समज असल्याने, त्या वेळात संरक्षित व्यक्तीने टबात असावे असे ठरले. डेलबर्टांनी टबात दोन उश्या घातल्या, वर दिवा लावला, सुईदोऱ्यासाठी साबणाची खोबण रिकामी करून दिली. हे सर्व त्यांनी अत्यंत प्रेमाने केले. वर्डीनबाई टबात बसल्या, कारण त्या प्रेमाची त्यांना ओळख होती. दर तासाला डेलबर्ट दाराशी येऊन "परिस्थिती सुरक्षित" असे म्हणत, आणि नियमानुसार आतून "ठीक" असे उत्तर येई. दिव्याच्या उजेडात निळा आणि जांभळा यांतील फरक कळत नसल्याची तक्रार वर्डीनबाईंनी दोनदा केली. मंडळाच्या मते रंग हा सुरक्षेचा विषय नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात, चोर आल्यास काय करावे याची रंगीत तालीम चालू असताना, वर्डीनबाईंची थोरली बहीण ओपल नेहमीप्रमाणे न विचारता स्वयंपाकघराच्या दाराने आत आली. हातात पीच घालून भाजलेल्या कॉबलर या गोड पदार्थाचे गरम भांडे होते. समोर बोळात डेलबर्ट, नियमानुसार रिकामी केलेली शॉटगन घेऊन उभे होते. त्यांनी मंडळाने ठरवून दिलेले इशाऱ्याचे वाक्य शेवटपर्यंत उच्चारले. ओपलने भांडे सावकाश जमिनीवर ठेवले.

"डेलबर्ट," ती म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तुला नाचायला मी शिकवलं. आणि बहीण कुठाय माझी?"

"टबात," डेलबर्ट म्हणाले.

मंडळाने या प्रसंगाची तातडीने दखल घेतली आणि पाहुण्यांनी अठ्ठेचाळीस तास अगोदर लेखी सूचना द्यावी असा नियम केला. सूचना एकही आली नाही. हे नियमाचे यश मानण्यात आले.

त्या शुक्रवारी वर्डीनबाई ठरलेल्या वेळेपूर्वीच टबातून उठल्या आणि गोधडीची घडी घालू लागल्या.

"तुझा तो चोर आला तर नेईल काय रे?" त्यांनी विचारले.

डेलबर्टांनी प्रामाणिकपणे विचार केला. टीव्ही, ड्रिल मशिन, आणि सासूबाईंचे चांदीचे चमचे.

"चमचे मी घेऊन जाते. तेवढंच तुझं ओझं कमी." त्या ओपलच्या गाडीत बसल्या. ओपलच्या घराच्या मागच्या दाराला कडीच नव्हती. खिडकीची काच खाली करून त्या एवढेच म्हणाल्या, "चोर आला असता ना, तर निदान त्यानं विचारलं असतं, बाई, तू टबात का बसलीयेस म्हणून."

सोमवारी पिकेटांनी पुन्हा दोरा ताणला. तो शयनगृहापासून मुख्य दारापर्यंत कोठेही न अडता गेला. 'अडथळा: शून्य.' जाड छर्रा मंजूर झाला, प्रमाणपत्र चौकटीत बसवून दिले गेले आणि स्ट्राउडांचे घर काउंटीतील पहिले पूर्णतः सुरक्षित गृह म्हणून घोषित झाले. ही आनंदवार्ता कळवण्यासाठी डेलबर्टांनी ओपलकडे फोन केला. वर्डीनबाईंनी ती ऐकून घेतली, अभिनंदन केले, आणि ओपलकडची खिडकीही उत्तरेची असल्याने आता निळा रंग नीट दिसतो असे सांगितले. डेलबर्ट अजूनही दर तासाला न्हाणीघराच्या दाराशी जाऊन "परिस्थिती सुरक्षित" म्हणतात. आतून "ठीक" येत नाही. त्या अटीतून मंडळाने त्यांना सूट दिली आहे.

आदर्श गृहाचा नकाशा आता छापून निघाला असून मागणी मोठी आहे. त्यासाठीच्या अर्जात चौदा रकाने आहेत. तेरा रकाने काडतुसे, कुलुपे, दारे आणि दोरा यांविषयी आहेत. अर्जदार ते काउंटरवर उभ्या उभ्याच भरतात. चौदावा रकाना 'ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांची नावे' असा आहे. तो बहुतेक जण कोरा ठेवतात, आणि पिकेटही घाई करत नाहीत. ज्या वाचकांच्या दाराला तीन कड्या, वर कॅमेरा आणि खाली फाटकाशी पाहुण्यांची नोंदवही आहे, त्यांना पहिले तेरा रकाने अवघड जाणार नाहीत. चौदाव्यासाठी मात्र एकदा आत जाऊन कोण आहे ते पाहावे लागेल.