सुरेशभाऊंची बसकी गाडी

बुधवाऱ्यातले आमचे शेजारी सुरेशभाऊ महाजन भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. आधी वाकून तुमच्या गाडीच्या चाकावरची फट बोटांनी मोजतात. "चार बोटं! मास्तर, ये गाडी आहे का उंट?" त्यांच्या स्वतःच्या गाडीत त्या फटीत करंगळीही शिरत नाही. स्प्रिंगा कापून कापून त्यांनी ती एवढी खाली आणली आहे, की तिच्याखालून जाताना मुंग्याही वाकतात. "गाडी उभी नाही, बसलेली दिसली पाहिजे," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

गाडीत घेण्याआधी ते वजन विचारतात. मी नव्वद सांगितलं, की मागे, बरोब्बर मधोमध. प्रत्येक स्पीड ब्रेकरला सगळ्यांनी उतरायचं. गाडी तिरपी करून ते एकटे पार होणार, आम्ही मागून मयतीला निघाल्यासारखे. निंबोल्याच्या त्यांच्या केळीच्या मळ्यात मी गाडीने गेलो असं लोक म्हणतात. माझ्या चपलांना विचारा.

त्यांची एकुलती एक पोर, पूनम, धूलकोटला दिली. परवा तिला सातवा लागला, म्हणजे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची. सुरेशभाऊंनी फोन लावला, "रविवारी गाडी घेऊन येतो."

विहीणबाई म्हणाल्या, "दादा, त्या फरशी पुसायच्या गाडीत माझी सून बसणार नाही. इथंच करू बाळंतपण."

दोन दिवस सुरेशभाऊंनी कुणाच्या गाडीत बोट घातलं नाही. तिसऱ्या दिवशी दारात हजर. "मास्तर, चला. तुमच्या पोटाचं काम आहे."

सलीम मिस्त्रीच्या गॅरेजात मला मागच्या सीटवर बसवलं आणि पोटावर काठोकाठ भरलेला तांब्या दिला. "सांडलं, की स्प्रिंग बाद." माझ्या पोटाला एवढी इज्जत आजवर कुणी दिली नव्हती. पहिल्याच ब्रेकरला अख्खा तांब्या माझ्या मांडीवर.

"सेठ, कटी हुई स्प्रिंग कडक होती है," सलीम म्हणाला. "नरम चाहिए तो गाडी उठेगी."

"एक बोट उठव."

एक बोट उठवली. अर्धा तांब्या सांडला. दोन बोटं; पाव. बोटागणिक सुरेशभाऊ असे कण्हत होते, की कळा त्यांनाच येत असाव्यात. शेवटी सलीमने लांब, नरम स्प्रिंगा बसवल्या. चार बोटं! मी नखशिखांत भिजून शिंकत होतो, पण ब्रेकरवर पाणी नुसतं डुचमळलं. थेंब सांडला नाही.

"झालं की! चला पोरीला आणायला," मी म्हणालो.

सुरेशभाऊंनी चावी सलीमला दिली, मला उतरवलं, तांब्या पुन्हा काठोकाठ भरला आणि स्वतः मागे बसले.

"हळू घे," एवढंच म्हणाले.

गाडी ब्रेकरवर चढली. उघड्या काचेतून मला दिसलं: तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, डोळे मिटलेले.

"झालं बेटा," ते पुटपुटत होते, "झालं, झालं. आलंच घर."