गोठलेली अंगाई

माझ्या कॉम्प्युटरवरचं काही हरवलं तर मिशी उतरवून देईन, असं मी ताईला छातीठोक सांगितलं होतं. मला मिशी नाही, हे तिनं तेव्हाच ओळखायला हवं होतं!

कारण मी नवीन व्यवस्था केली होती. रोज दुपारी डिस्क क्षणभर गोठवायची, म्हणजे तिच्यावर कुणी काही लिहू शकत नाही. तेवढ्यात तिची प्रत काढायची. प्रत झाली की डिस्क पुन्हा वितळवायची. आज पहिलाच दिवस.

ताई अंगाया गाते. आवाज असा, की रडतं पोरच काय, कुरकुरतं दारही निजावं. पण घसा बसत चालला होता. डॉक्टरांनी उद्यापासून महिनाभर मौन सांगितलं, म्हणून आज ती शेवटची एक अंगाई माझ्या खोलीत गायली. संध्याकाळी रेडिओवर लागायची होती. गाणं संपलं, तिनं सेव्ह दाबलं आणि पडदा थिजला.

"थांब, मी आहे ना," मी म्हणालो. आमच्या घरातली बरीच संकटं याच वाक्यानं सुरू होतात.

दुखणं शोधायला मी एक तपासणीचा प्रोग्राम सोडला. तो निदान लिहायला त्याच डिस्ककडे गेला आणि तिथेच अडकला. त्याला बघायला दुसरा धाडला, तोही गेला. वैद्य यावा आणि रोग्याच्याच अंथरुणावर आडवा व्हावा, तशी गत! जिता म्हणावं तर हलेना, मेला म्हणावं तर जाईना.

वैतागून मी अडकलेल्या सगळ्यांना सरसकट 'मरा' असा हुकूम सोडला. सोडला मात्र, आणि आठवलं. त्यांत ताईचं रेकॉर्डिंगही होतं, आणि अख्खी अंगाई अजून डिस्कवर न उतरता त्याच्याच ओटीत होती.

पण कुणीच मेलं नाही. मरायलासुद्धा जाग असावी लागते. मी देवाचे आभार मानले.

रेडिओवाल्या बाईंचा फोन आला. पाठवतोच, म्हणालो. ताईनं कुजबुजत विचारलं, बंद करून परत चालू केलं तर? तर अंगाई गेली, मी सांगितलं. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं कॉम्प्युटरवर हात ठेवला.

आणि मला उमगलं. प्रत ठेवायची जागा मी त्याच डिस्कवर दिली होती! प्रत म्हणे, आधी डिस्क वितळू दे. वितळवणारा म्हणे, आधी प्रत होऊ दे. आधी तू, नाही आधी तू, आणि मधे माझी ताई.

मी हातानं वितळवायचा हुकूम दिला. डिस्क जागी झाली, रांग हलली. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात रेकॉर्डिंगची खिडकी मिटली. मघाचा 'मरा' वाया गेला नव्हता. तो उंबऱ्यावर बसून होता, जाग येण्याची वाट बघत. सगळे एकजात, आज्ञाधारकपणे मेले.

डिस्कवर फक्त पहिला घास उतरला होता. तो आम्ही लावला. ताईचा निखळ, गाण्याआधीचा आवाज:

"झालं का रे सुरू, छोट्या? बरं, आता तू कशाला हात लावू नकोस हं."

संध्याकाळी रेडिओवर बासरी लागली. ताई महिनाभर बोलणार नाही. तसं डॉक्टरांनीच सांगितलंय, असं मी सगळ्यांना सांगतो.

सध्या मी मिशी वाढवतोय. उतरवायला काहीतरी हवं ना.