वैरागडे काका आणि सातवं व्हर्जन

आमच्या आणि वैरागडे काकांच्या घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. त्या भिंतीवरून कढीपत्ता जातो, विरजण येतं, उन्हाळ्यात कूलर बिघडला की पाना-पक्कड जाते आणि सहसा परत येत नाही. पण त्या भिंतीवरून कोडबद्दल एक शब्दही जात नाही. एकदा सकाळी मी तोंडातला ब्रश काढून विचारलं, "काका, कालच्या पॅचमधी काय चुकलं?" काका तुळशीला पाणी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "लिस्टवर लिही, सचिन."

"अहो काका, मी इथं तुमच्यासमोर उभा आहो ना!"

"तू मले दिसून राह्यला बावा. जगाले नाई दिसून राह्यला. जे बोलाचं ते जगासमोर बोलाचं."

मी आत गेलो, तोंड धुतलं आणि बारा फुटांवरच्या माणसाला इंग्रजीत ईमेल लिहिली. ती बहुधा दोन-तीन समुद्र ओलांडून काकांच्या खोलीत पोचली. पलीकडून 'टिंग' असा आवाज आला. मग खुर्ची करकरली, काका खाकरले आणि टाइप करू लागले. सगळं मला इकडे ऐकू येत होतं.

हे जग म्हणजे काय ते सांगतो. लिनक्स नावाची एक फुकट मिळणारी संगणकप्रणाली आहे. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्यात कुणीही बदल सुचवू शकतो. अशा बदलाला पॅच म्हणायचं आणि तो सगळ्यांना दिसेल असा एका मेलिंग लिस्टवर पाठवायचा. मग तिथले जाणकार त्याची साल काढतात. आपण तो सुधारून पुन्हा पाठवायचा, की झालं व्हर्जन दोन. प्रणाली जशी फुकट, तसे साल काढणारेही बरेचसे फुकट. वैरागडे काका त्यांपैकी एक. पुण्याची नोकरी सोडून वर्ध्याला नालवाडीत घर बांधलं, तेव्हापासून दुसऱ्या संगणकावरच्या फाइली आपल्याच घरच्या असल्यासारख्या वापरू देणारा जो कोड आहे, त्याचे ते परीक्षक आहेत. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी बंगलोरला गेल्या. तो नातू आता शाळेत जातो. काकूंचं विचारलं की काका म्हणतात, "येऊनच राह्यली."

परीक्षक म्हटला की तो कोडपुरता थांबत नाही. माझ्या लग्नाची पत्रिका काकांनी लाल पेनाने खुणा करून परत केली होती. ती छापून, वाटून झाली होती, ही गोष्ट त्यांच्या लेखी गौण होती. चौकातल्या टपरीवर सगळी वर्धा पोहे आणि त्यावरची तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, एकत्र खाते. काका आधी नुसते पोहे मागतात. ते चाखून पसंत पडले, तरच तर्री.

"एका टायमाले एकच बदल," ते टपरीवाल्याला समजावतात. "दोन्ही एकदम टाकलं तं बिघडलं कशानं हे कसं समजन?"

"काका, तुमी खाऊन राह्यले का पेपर तपासून राह्यले?" टपरीवाला विचारतो. काकांना यात टोमणा दिसत नाही. ते खरोखर विचार करून "दोन्ही" असं उत्तर देतात.

अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो, तो माझ्या नागपूरच्या कंपनीमुळे. नोकरी नवीन होती, पक्की झालेली नव्हती. आमच्या एका ग्राहकाच्या सर्व्हरवर ज्या फाइली होत्या, त्यांना म्हणा, चोरखिसे होते. सदऱ्याला आतून चोरखिसा असावा, तसं फाइलीच्या एकाच नावाखाली वरून दिसणारा मजकूर वेगळा आणि आत ठेवलेला मजकूर वेगळा. आमच्या लिनक्सला या चोरखिशांचा पत्ताच नव्हता. सदरा इकडून तिकडे नेला की खिशातला ऐवज गुपचूप गायब. कर्नेलला हे खिसे दिसू लागतील असा पॅच मी लिहायचा होता. साहेबांनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं, "या वेळच्या कर्नेलमध्ये हे गेलं पाहिजे हं. नाहीतर आपलं पुढं जमणं कठीण आहे." गृहकर्जाचा हप्ता साहेब भरत नसल्यामुळे त्यांना गोड बोलणं परवडत होतं.

व्हर्जन एक पाठवलं. काकांचं उत्तर आलं. सुरुवातीला पॅचबद्दल मनःपूर्वक आभार होते. नंतर माझ्या प्रत्येक ओळीखाली त्यांच्या चार ओळी होत्या. तुम्ही चोरखिशाची खूण म्हणून नावात विसर्गासारखी दोन टिंबं धरली आहेत, पण लिनक्सवर साध्या फाइलीच्या नावातही ती टिंबं असू शकतात, मग अशा गरीब फाइलीने जायचं कुठं? मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच जास्त झोंबला.

त्याच दुपारी काका भिंतीपाशी आले. मला वाटलं, धीर द्यायला आले असतील. "शुभांगीले सांगजो, भरल्या वांग्यात मीठ बरोबर होतं," म्हणाले आणि निघून गेले. शुभांगी म्हणजे माझी बायको. या घरात एकाच माणसाचं काम पहिल्या व्हर्जनमध्ये पास होतं, हे तिने मला पुढे बरेच दिवस ऐकवलं.

व्हर्जन दोन झालं, तीन झालं. चौथ्याला काकांनी जे पकडलं, ते मात्र साधं नव्हतं. कुणी चोरखिसा उघडून वाचत बसलाय आणि तेवढ्यात दुसऱ्याने सदराच फेकून दिला, तर? तर माझा कोड एकच जागा दोनदा मोकळी करत होता आणि अख्खा संगणक बंद पडत होता. काकांनी घरातल्या दोन जुन्या यंत्रांवर दिवसभर बसून हे करून पाहिलं होतं. हे ग्राहकाकडे घडलं असतं, तर साहेबांनी मला आणखी गोड आवाजात निरोप दिला असता. मी लिस्टवर आभार मानले. भिंतीवरून मानायला गेलो असतो, तर काय ऐकायला मिळालं असतं ते माहीत होतं.

पाचव्यात किरकोळ दुरुस्त्या निघाल्या. सहावं मी जिवाचं रान करून लिहिलं. दरवाजा बंद व्हायची वेळ जवळ आली होती. एकदा या खेपेचे पॅच घेणं थांबलं की पुढची खेप दोन-अडीच महिन्यांनी, आणि तोवर मी त्या कंपनीत नसतो. काकांचं उत्तर येईना. मी दिवसभर भिंतीपलीकडे कान लावून. 'टिंग' झालं होतं, खुर्ची करकरली होती, पण टाइप करण्याचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. एकच हरकत. कोडमधल्या एका टिपेतला एक शब्द त्यांना पुरेसा नेमका वाटत नव्हता. कृपया सातवं व्हर्जन पाठवावं.

मी लॅपटॉप आपटणार होतो, पण तोही कंपनीचा. दात-ओठ खात शब्द बदलला आणि पॅच पाठवला. काकांचा पसंतीचा शेरा लगेच पडला. दरवाजा बंद होता होता पॅच आत गेला. साहेबांनी नोकरी पक्की झाल्याचं कळवलं आणि मी गोरसपाकचा, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या तुपाळ बिस्किटांचा, डबा घेऊन काकांकडे गेलो. इतकी वर्षं शेजारी राहून मी फाटकातून त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होतो. आमचं सगळं येणंजाणं भिंतीवरून.

काकांनी चहा टाकला. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. एकीवर बसल्याची खूण होती, बाकीच्यांवर धूळ. दोन यंत्रं कोपऱ्यात घुरघुरत होती, तेवढाच काय तो घरात आवाज. गोरसपाक त्यांनी चहात बुडवला, खाल्ला आणि त्याबद्दल काहीच मत दिलं नाही. मला काळजी वाटू लागली.

"सहाव्या व्हर्जनमधी काईच चूक नोती," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"काईच नोती. दोनदा वाचलं. पयल्या झटक्यात पास कराले पाह्यजे होतं."

"मंग परत काऊन पाठवलं काका? माझी नोकरी गेली असती!"

काकांनी कप खाली ठेवला. "पास केलं असतं, तं तू मंग लिहिलं नसतं ना."

मला भयंकर राग आला. काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं.

"दिवसभर बसलो होतो पास कराले. हात होऊ नाई राह्यला," ते म्हणाले. "तुह्या काकूची वाट पाहू नोको आता. ती तिकडंच रमली. माह्या मनात राग नाई. पण सकाळी उठलं का वाटे, सचिनची मेल आली असन. त्या शब्दासाठी आनखी एक येईन, इतकंच वाटलं. चुकलंच माह्यं."

राग होता, पण त्या खुर्चीवरच्या माणसावर तो टिकेना. फार वाईट वाटलं. मी उठून मागच्या दारात गेलो आणि भिंतीपलीकडे शुभांगीला हाक मारली, "स्वयंपाक झाला असन तं इकडंच घेऊन ये. आपन काकाच्या घरी जेवू."

परत आलो तर काका ओल्या फडक्याने तिसरी खुर्ची पुसत होते.