मेगने हाकलेली मॉरिस

जुन्या गाडीच्या पोटाला काय फासावं, हे अख्ख्या वेल्समध्ये एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी, गेथिन! बाकीचे लोक वरून चकाचक रंग मारतात, आणि खाली पत्र्याचा भुगा होत असतो. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीचं पोट खातं.

वडिलांची जुनी मॉरिस मोटार मी हाडाची काडं करून पुन्हा उभी केली होती. कारण लेकीनं, लाउरीनं सांगितलं होतं, "बाबा, लग्नाला चॅपलमध्ये जाईन तर आजोबांच्याच गाडीतून. नाही झाली तयार, तर मग इदवालमामाच्या."

इदवालमामाच्या! इदवाल म्हणजे माझा मेहुणा. त्याच्याकडेही एक जुनी मोटार आहे, आणि जुनी मोटार असलेल्या प्रत्येक माणसासारखी त्यालाही अक्कल वाटायची सवय आहे.

"डांबर फास," तो म्हणाला. "जाड थर दिला की चिंता मिटली."

"आणि थराच्या आत पाणी शिरलं तर? वरून काळंभोर, आतून गंज!"

"मग तू काय लावणार? लोणी?"

"लोकरीची चरबी!"

हसू नका. मेंढी जन्मभर पावसात उभी राहते, गंजलेली पाहिलीय कुणी? ही चरबी डब्यात विकत मिळते, पण ती साफ केलेली, बिनवासाची. मला अस्सल हवी होती. इदवालच्या मेंढ्यांची लोकर त्याच्या कोठारात नुसती पडून होती. ती मी मागून आणली, बायकोच्या मुरंब्याच्या पातेल्यात उकळली, वर आलेली पिवळी चरबी गाळून घेतली आणि गाडीखाली उताणा पडून सांध्यासांध्यात भरली. निम्मी माझ्या भुवयांवर सांडली.

बेथान, माझी बायको, नाक दाबून म्हणाली, "या घरात एक तर हे पातेलं राहील, नाहीतर मी."

पातेलं गोठ्यात गेलं.

लग्नाच्या दिवशी रणरणतं ऊन! बेथान पाहुण्यांबरोबर पुढे गेली. मागच्या सीटवर पांढऱ्या पोशाखात लाउरी, पुढे मी, आणि खाली तापून पाझरणारी चरबी.

"बाबा, मेंढीचा वास येतोय."

"तो गंज न लागण्याचा वास आहे, बाळ!"

ओढ्यावरच्या पुलाशी आलो आणि रस्त्यात आडवी झाली मेग. मेग ही इदवालची कुत्री. आमच्या डोंगराला कुंपण नाही, सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात. त्यातून मेग आपल्या मेंढ्या अचूक निवडते आणि एकीलाही ओढ्यापलीकडे जाऊ देत नाही. दरीत तिचं मोठं नाव आहे.

मी भोंगा वाजवला. ती पोट जमिनीला टेकून माझ्या दिव्यांकडे रोखून पाहत राहिली. डावीकडे वळलो, ती डावीकडे. उजवीकडे वळलो, ती उजवीकडे. वैतागून गाडी जरा मागे घेतली, तर ती खूश होऊन पुढे सरकली!

"बाबा," लाउरी हळूच म्हणाली, "आपण चुकलेली मेंढी आहोत. ती आपल्याला घरी नेतेय."

आणि खरंच, मी इंचाइंचानं इदवालच्या मेंढवाड्याकडे मागे चाललो होतो!

इतक्यात मागून इदवालची मोटार आली. त्यानं सगळं पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"कुत्रीला बोलाव!" मी ओरडलो.

"कशाला? ती तिचं काम करतेय. लाउरी, ये गं माझ्या गाडीत. तिकडे पाद्रीबुवा ताटकळलेत."

लाउरीनं माझ्याकडे पाहिलं, पोशाख सावरला आणि एक पाय बाहेर टाकला. आजोबांच्या गाडीतून नात उतरणार, तीही पुलाच्या अलीकडे! मला रडू यायचंच बाकी होतं.

इदवालनं तिच्यासाठी मोटार ऐटीत बाजूला घेतली. चाक दगडावर चढलं. धाड!

मोटारीखालून डांबराचा एक भलाथोरला काळा पापुद्रा रस्त्यावर पडला, आणि त्याच्याबरोबर त्यानं इतके दिवस झाकलेला सगळा तळ. गंजून चाळण झालेला! इदवालचे दोन्ही बूट थेट रस्त्याला लागलेले मला बाहेरून दिसत होते.

मी उतरलो आणि वाकून बारकाईनं पाहिलं.

"डांबर मात्र शाबूत आहे हं!"

लाउरीनं पाय आत घेतला. लहानपणी ती मामाबरोबर डोंगरभर हिंडलेली पोर. तिनं काच खाली केली, तोंडात दोन बोटं घातली आणि 'कळप पुढे घाल'ची अशी शिट्टी मारली की माझ्या कानठळ्या बसल्या. मेग उठली, वळसा घालून मागे गेली, आणि पूल मोकळा!

"बस आत, इदवाल," मी राजासारखा म्हणालो. तो बूट झटकून आत शिरला.

मग निघाली आमची वरात! मेंढीच्या चालीनं. जरा वेग वाढवला की मेग टायरला दात दाखवायची. तिनं आम्हाला वळवत वळवत रस्त्याकडेच्या भिंतींमधून, फाटकातून आत, थेट चॅपलच्या दारापर्यंत नेलं, तेव्हा पाहुण्यांनी टोप्या हवेत उडवल्या. बेथान रडत होती, आनंदानं की वासानं ते मी विचारलं नाही. लाउरी माझा हात धरून उतरली, आणि तिच्यामागून मान खाली घालून इदवाल. एवढा मोठा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो!

लग्न लागलं. जेवणं झाली. नवरानवरी जावयाच्या गाडीतून मधुचंद्राला गेली. पाहुणे पांगले. मी ऐटीत मॉरिस सुरू केली.

फाटकात मेग उभी! कळप आत घातला होता. हुकूम झाल्याशिवाय तो बाहेर पडतो होय? मी शिट्टी मारून पाहिली, तर कवळीच बाहेर आली. ती शिट्टी येणारी माणसं दोनच. एक मधुचंद्राला गेलेली. दुसरा समोरच्या भिंतीवर बसून लग्नाचा केक खात होता.

"जा, माग," बेथान म्हणाली.

मी टोपी काढून भिंतीपाशी गेलो. "इदवाल, जरा एक शिट्टी..."

त्यानं बोटं एकेक करून चाटली. "आधी सांग, गेथिन. गाडीच्या पोटाला थर कशाचा चांगला?"

मी मेगकडे पाहिलं. मॉरिसकडे पाहिलं. आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"डांबराचा!"