शिदूअण्णांची फळी

सई, निखिल,

मागच्या महिन्यात पाठवलेल्या फोटोत आपल्या अंगणातली जुनी लाकडी फळी पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, हे काय?" फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आज सवडीने लिहिते.

आपले शेजारी शिदूअण्णा लाकडाला पायताणाने मारायचे. रोज सकाळी ओढ्यावरच्या साकवावर, म्हणजे पायी जाण्यापुरत्या फळ्यांच्या अरुंद पुलावर, उकिडवे बसायचे. पायातलं जाड कोल्हापुरी पायताण काढून एकेक फळी ठोकायची आणि कान लावायचा. "खण्ण वाजली तर जित्ती. भद्द वाजली तर मेली." मेलेल्या फळीवर चुन्याची फुली. समोरून कोणी आलं की ओरडायचे, "पावणं, फुलीवर पाय नगं! घरात बायकू वाट बघत असंल की!"

गाव हसायचं. अण्णा हसायचे नाहीत. त्यांची एकुलती लेक सुमन ओढ्यापलीकडच्या गावात दिली होती. एका दिवाळीला जावयाचा पाय फळीतून आरपार गेला आणि मोडला. विहीणबाईंनी सांगून टाकलं, "साकव धड झाल्याबिगर सून म्हायेरला धाडणार न्हाय."

साकव कोणाचा, हे मात्र ठरेना. ग्रामपंचायत म्हणे, वरच्या कचेरीचा. कचेरी म्हणे, आमच्या नोंदीतच नाही. अण्णा मला म्हणाले, "वैनी, विंग्रजीत लिवा. मराठी त्येंना कळंना झालंय." मी चार अर्ज लिहिले, मुद्द्यांना क्रमांक घालून. पाचवा द्यायला आम्ही दोघं मलकापूरच्या कचेरीत गेलो. साहेब "बघू" म्हणाले, तशी अण्णांनी वाकून पायताण काढलं. शिपाई अंगावर धावला.

"घाबरू नगा," म्हणत अण्णांनी टेबल ठोकलं, कान लावला. "सागाचं हाय. तुमचं टेबल पडायचं न्हाय, सायेब. आमचा साकव पडंल."

साहेब खरोखरच पाहणीला आले. गावाला कोण आनंद! तरुण पोरांनी साकवाला आंब्याचे डहाळे बांधले आणि लग्नातली लांब सतरंजी या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरली. सगळ्या फुल्या तिच्याखाली. "सतरंजी काढा, लेकांनो!" अण्णा ओरडत राहिले, पण हलगीपुढे ऐकतो कोण? साहेब नेमके एकही फुली न तुडवता पलीकडे गेले, नारळ घेतला आणि शेरा लिहिला: स्थिती समाधानकारक.

त्यानंतर अण्णांनी माझ्याकडे अर्ज मागितला नाही. साकवावर फुली पडली की त्यांच्या घरातलं काहीतरी कमी व्हायचं. आधी गोठ्याचं दार गेलं, मग फडताळाच्या फळ्या. एकदा मी ताक द्यायला गेले, तर सोप्यात झोपाळ्याच्या नुसत्या कड्या लोंबत होत्या. लहानपणी सुमन त्या झोपाळ्यावरून उतरायची नाही, जेवायचीसुद्धा तिथेच.

"अण्णा, फळी कुठं गेली?"

"पैलाडची पयली फळी मेली हुती." ते कड्यांकडे बघत म्हणाले. "सुमी यील तवा तिथनंच पाय टाकंल. तिच्या वळखीची असूंदे की."

सुमन त्या फळीवरून आली, पण अण्णा गेल्याचा निरोप मिळाल्यावर.

यंदा तिथे सिमेंटचा पूल झाला. जुन्या फळ्या सरपणाला निघाल्या, तेव्हा सुमनला विचारून मी ही एक मागून घेतली. तिच्या घरी झोपाळ्याला जागा नाही.

रोज सकाळी अंगण झाडून झालं की मी चप्पल काढून फळीवर एकदा ठोकते आणि कान लावते. अजून खण्ण वाजते.