पहिल्या निवडीचा खांब

“या वर्षी आपला संघ तळाला जाणार नाही,” असं स्टोअरकीपरने ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं. ते इतक्या खात्रीने, की जणू बाकीच्या तिन्ही कॅप्टननी त्याला तसं लिहून दिलं होतं.

“गेल्या वर्षी पण तू हेच म्हणाला होतास, बाबा,” बारा वर्षांची मुलगी म्हणाली.

“गेल्या वर्षी माझ्याकडे पद्धत नव्हती.”

बस डेपोत दरवर्षी बास्केटबॉलचे सामने होत. चार संघ, बायका-पुरुष एकत्र. जुने खेळाडू आपापल्या संघात राहत आणि नव्याने नाव दिलेले लोक चारही कॅप्टन आळीपाळीने उचलत. आदल्या वर्षी जो शेवटचा, त्याची पाळी पहिली. त्यामुळे सलग तीन वर्षं पहिली पाळी स्टोअरकीपरची होती आणि तिन्ही वर्षं त्याने यादीतला सर्वांत गुणी खेळाडू उचलला होता. आता त्याच्याकडे चेंडू सुरेख फेकणारी सहा माणसं होती, आणि सहाच्या सहा इतरांच्या खांद्याएवढी. नेम चुकून चेंडू बास्केटच्या कडीवरून उसळला की तो कुणाच्या हाती लागतो हे ती सहाजणं मान वर करून बघत उभी राहायची. आपल्या हाती लागत नाही, एवढं त्यांना पाठ झालं होतं.

आता स्पर्धा समितीने निरोप धाडला होता: पाचव्यांदा तळाला गेलात तर कॅप्टनपद सोडा. स्टोअरमधले नटबोल्ट सोडले तर या माणसाच्या शब्दावर हलणारं जगात दुसरं काही नव्हतं. त्याला ते पद हवं होतं.

“मी स्टोअरमध्ये काय करतो?” त्याने बायकोला विचारलं. ती त्याच डेपोत तिकीट खिडकीवर बसायची. “काय चांगलं मिळतंय ते मागवतो का? नाही. काय संपलंय ते मागवतो. माझ्याकडे बारा उत्तम आरसे पडलेत आणि ब्रेक लायनर संपलेत, तर मी तेरावा आरसा मागवू का?”

“कशाला मागवशील,” बायको म्हणाली.

“आमच्यात उंची संपलीये. म्हणून उंची घ्यायची. गुण बघायचाच नाही.”

“आणि यादीत कुणी खरंच चांगलं असलं तर?”

“असू दे की. आपल्याला गरज नाही.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मुलीने आईकडे पाहिलं. स्टोअरकीपरने वाटीकडे पाहिलं आणि आणखी वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये निवड होती. फोरमनने नऊ नावांची यादी वाचली. चौथा होता टायर विभागात महिन्यापूर्वी आलेला सहा फूट चार इंची गडी. त्याला सगळे खांब म्हणत. आणि सातव्या नंबरला तिकीट खिडकी.

स्टोअरकीपरला वाटलं, खिडकीवर दोघीजणी बसतात, दुसरी असेल. मग त्याने समोर पाहिलं. पहिल्याच बाकावर त्याची बायको मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिच्या पायात खेळायचे बूट होते.

आता हे सांगायला हवं की ही बाई कॉलेजच्या संघातून चार वर्षं खेळली होती. या दोघांची ओळखच मुळी त्या मैदानाच्या कडेला झाली, ती आत असताना आणि हा बाहेर बाटल्या सांभाळत असताना. मुलगी झाल्यापासून तिने चेंडूला हात लावला नव्हता. आता मुलगी आपली आपण शाळेत जाऊ लागली होती, म्हणून तिने गुपचूप नाव दिलं होतं. नवऱ्याला चकित करायचं होतं तिला. पहिली पाळी त्याचीच, तेव्हा प्रश्नच नव्हता.

कँटीनमधल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. एकाने तिला पुढे येता यावं म्हणून खुर्चीसुद्धा बाजूला केली.

स्टोअरकीपर उभा राहिला. त्याच्या हातात वही होती. वहीत ‘उंची’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तिचं नाव घ्यावंसं त्याला वाटलं, नाही असं नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने वहीत नसलेली वस्तू कधी मागवली नव्हती.

“खांब,” तो म्हणाला.

चहाचे कप जागच्या जागी थांबले.

“नक्की ना?” फोरमनने विचारलं. “हवं तर पाणी पी. मग सांग.”

इथे तो गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण खुलासा दिल्याशिवाय त्याने कधी खिळाही खर्ची टाकला नव्हता. “सात नंबरच्या खेळाबद्दल दुमत नाही,” तो म्हणाला. “माल उत्तमच आहे. पण त्या जागेवर खेळणारं आमच्याकडे आधीच आहे.”

“कोण आहे?” बॅटरी विभागाच्या बाईंनी विचारलं. त्या दुसऱ्या संघाच्या कॅप्टन.

“मी.”

तो खाली बसायच्या आत रंगकाम विभागाच्या रंगाऱ्याने, चौथ्या कॅप्टनने, सात नंबर उचलला. पाळी खरं तर त्याची नव्हती. मधल्या दोघांनी माणुसकीने त्याला पुढे जाऊ दिलं.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. बायको त्याला ‘अरे’ म्हणायची, ती आता ‘कॅप्टनसाहेब’ म्हणू लागली. “कॅप्टनसाहेब, मी सरावाला चालले. पोरीचा डबा बघाल ना? त्या जागेवर काम करणारं घरात आहेच.” तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. “जावईबापू, आमच्या मुलीची तुम्हाला गरज नाही, असं चारचौघांत म्हणालात म्हणे?”

“मी खेळापुरतं म्हणालो, आई.”

“लग्नाच्या वेळी काही बोलला नाहीत.”

खांबाचं वेगळंच निघालं. माणूस सोन्यासारखा होता, वेळेवर यायचा, सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवायचा. पण त्याचा जन्म दाराच्या चौकटी, पंखे आणि बसच्या छताखाली गेला होता. डोक्यावर काहीही आलं की तो वाकायचा. चेंडू कडीवरून उसळला की सहा बुटकी माणसं ओरडायची, “घे,” आणि खांब आदबीने कमरेत वाकायचा. चेंडू त्याच्या पाठीवर टप्पा खाऊन पलीकडे जायचा.

“सरळ उभा राहा रे,” स्टोअरकीपर काकुळतीला येऊन म्हणाला.

“राहतोय की साहेब. पण ते आलं की आपोआप होतं.”

पहिल्या सामन्याआधी अदलाबदल करता येत होती, फक्त खेळाडूची सही लागे. स्टोअरकीपर रंगाच्या शेडमध्ये गेला.

“माझी बायको मला परत दे.”

शिडीवर चढलेल्या दोघांनी ब्रश थांबवले.

“बदल्यात खांब देतोस?” रंगाऱ्याने विचारलं.

“खांब देतो. वर दोन फेकणारे देतो.”

“खांब तुझ्याकडेच ठेव. दोन दे आणि वहिनींची सही आण.”

संध्याकाळपर्यंत डेपोभर झालं की स्टोअरकीपर बायकोच्या बदल्यात दोन माणसं द्यायला तयार आहे. काहींना हा भाव कमी वाटला.

बायकोने अर्ज शांतपणे वाचला. कारणाच्या रकान्यात त्याने ‘गरज’ असं लिहिलं होतं.

“गरज,” ती म्हणाली.

त्याने ते खोडून ‘गुण’ लिहिलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून पुढे ‘व गरज’ जोडलं.

“फार लवकर बदलता हो तुम्ही कारणं,” असं म्हणून तिने अर्जाची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

स्टोअरकीपरचा संघ दोन सामने हरला. तिसरा आणि शेवटचा होता रंगाऱ्याच्या संघाशी. जिंकला तर तळातून वर, कॅप्टनपद शाबूत. आणि दोघांची जागा एकच असल्यामुळे बायकोला अडवायचं काम नियमाने त्याच्याकडेच आलं.

पहिल्या अर्ध्या वेळात ती त्याच्या बाजूने इतक्या वेळा निघून गेली की पुढे पुढे तो नुसता मान वळवायचा. पलीकडे खांब प्रत्येक चेंडूला वाकून नमस्कार करत होता. मध्यंतराला तो एकटाच डोकं धरून बसला. बायको पाणी प्यायला त्याच्या बाजूने चालली होती, ती थांबली.

“वाकू नकोस म्हणून सांगतात ना तुला?”

“हो ताई. पण होतं.”

“वाक की खुशाल. फक्त वाकायच्या आधी हात वर कर.”

“आपल्या विरुद्ध संघाला काय शिकवताय, वहिनी?” रंगारी ओरडला.

“तो बसलाय बघा कसा,” ती म्हणाली.

दुसऱ्या भागात खांबाने आधी हात वर केले, मग तो वाकला, आणि दरवेळी वाकताना त्याच्या हातात चेंडू होता. एकदाही चुकला नाही. बुटक्या सहाजणांना पहिल्यांदाच कळलं की उसळलेला चेंडू परतही येऊ शकतो. शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा स्टोअरकीपरचा संघ एका गुणाने पुढे होता.

चेंडू बायकोकडे आला. तिच्यात आणि कडीत फक्त नवरा. ती ऐन वेळी डावीकडून जाते हे त्याला कॉलेजपासून माहीत होतं. बाटल्या सांभाळत त्याने ते शंभरदा पाहिलं होतं. तो त्या बाजूला सरकला. आणि तिने कशी चेंडूसकट गिरकी घेतली ते बघता बघता, तेव्हा जशा बाटल्या भरायच्या राहायच्या, तसंच आता त्याचं अडवायचं राहून गेलं.

चेंडू कडीतून खाली पडला आणि शिट्टी वाजली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता. हे मुलीने नंतर घरी तिखटमीठ लावून सांगितलं.

फोरमनने तिथल्या तिथे कॅप्टनपद काढून घेतलं आणि समितीने त्या संघाची नवी कॅप्टन म्हणून त्याच्या बायकोचं नाव ठरवायला फारसा वेळ लावला नाही. रंगाऱ्याने आपल्या यादीतलं सात नंबरचं नाव खोडलं.

तिघं चालत घरी निघाली. बायको घामाने निथळत होती आणि एवढी छान दिसत होती की त्याला विचारावंसं वाटलं.

“पुढच्या वर्षी पहिली पाळी तुझी. संघात कुणाला ठेवशील?”

“खांबाला. आणखी एक उंच बघीन.”

“आणि मला?”

तिने तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाली, “तुला काय निवडायचंय रे? तू घरीच असतोस.”

कितीतरी दिवसांनी तिने ‘रे’ म्हटलं होतं. ते वाक्य मनात घोळवत, गोंजारत, स्टोअरकीपर जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत आला.

तिसऱ्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, तुला कळलं ना? तिने तुला संघातून काढलंय.”